बारा तासांचा तह

"शरीरानं किडनी स्वीकारली ना?"

प्रत्यारोपणानंतर भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतो. विचारताना आवाजात इतकी काळजी असते की सुरुवातीला मी "हो, हो, अगदी छान" म्हणून मोकळा व्हायचो. नंतर मात्र हे उत्तर घशात अडायला लागलं, कारण ते खरं नाही. माझ्या शरीरानं किडनी स्वीकारलेली नाही आणि ते ती स्वीकारेल अशी चिन्हंही नाहीत. ताईची किडनी माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला, कातडीच्या जेमतेम खाली आहे. बोटांनी दाबलं तर हाताला लागते. रक्त गाळते, लघवी तयार करते, तिच्या जिवावर मी डायलिसिसच्या खुर्चीतून उठलो. तरीही माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या लेखी ती पहिल्या दिवशी जेवढी परकी होती तेवढीच आजही आहे. त्यांना तसं वागता येत नाही एवढंच. वागू देत नाहीत त्या गोळ्या. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर संध्याकाळपर्यंत, संध्याकाळच्या गोळीचा सकाळपर्यंत. बारा-बारा तासांचा तह आहे हा आणि दर वेळी तो नव्यानं करावा लागतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न जुन्या किडन्यांचा. त्या काढत नाहीत, फारच त्रास देत असतील तर गोष्ट वेगळी. त्यामुळे सध्या माझ्यात तीन किडन्या आहेत आणि काम एकच करते. कुठल्याही कचेरीत शोभेल असं प्रमाण आहे.

परकेपणाची ही गोष्ट ज्यानं पहिल्यांदा नीट मांडून दाखवली तो पीटर मेडावार डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. दुसरं महायुद्ध चालू होतं, भाजलेल्या सैनिकांना दुसऱ्यांची कातडी लावता येईल का हा प्रश्न निकडीचा झाला होता. १९४३ साली त्यानं आणि टॉम गिब्सन या शल्यविशारदानं ग्लासगोतल्या एका भाजलेल्या तरुण बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिला तिच्या सख्ख्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले होते. ते काही दिवस धरले, मग गळून पडले. त्याच भावाच्या तुकड्यांची दुसरी खेप लावली. ती पहिलीपेक्षा कितीतरी लवकर गळाली. म्हणजे शरीरानं त्या भावाला ओळखलं होतं आणि ओळख पक्की ध्यानात ठेवली होती. हा अपघात नव्हता, जखमेची हेळसांड नव्हती. गोवर एकदा झाला की शरीर जसं त्याला विसरत नाही, त्याच यंत्रणेनं भावाला विसरायला नकार दिला होता.

ही हकीकत मी वाचली तेव्हा ताई शेजारच्या खोलीत होती, तिच्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासण्या चालू होत्या. सख्खं भावंड म्हणजे जवळचं, हे आपलं गणित. पेशींचं गणित थोडं वेगळं असतं. एचएलए नावाच्या ज्या खुणांवरून त्या आपलं-परकं ठरवतात, त्यांचा एक संच आईकडून येतो आणि एक वडिलांकडून. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याची चारात एक, आणि अर्ध्या जुळण्याची चारात दोन. ताई आणि मी अर्धे जुळतो. अहवाल हातात आल्यावर ती म्हणाली, "लहानपणी भांडायचो ते उरलेल्या अर्ध्यामुळे."

(जाता जाता: जगभर जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. आमच्या घरातही कोण देणार हा प्रश्न निघाला, तेव्हा खोलीतल्या पुरुषांना अचानक बरीच कामं आठवली होती. यावर ताई काही बोलत नाही, म्हणून मी बोलतो.)

एचएलएच नव्हे, सगळ्याच खुणा जुळणारं भावंड म्हणजे एकसारखं जुळं. म्हणूनच यशस्वी झालेलं पहिलं किडनी प्रत्यारोपण जुळ्या भावांमधलं आहे. बोस्टन, २३ डिसेंबर १९५४, शल्यविशारद जोसेफ मरे. रोनाल्ड हेरिकची किडनी रिचर्डला. आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता, तो गळाला नाही, मग पुढचं पाऊल. रिचर्ड आणखी आठ वर्षं जगला. रोनाल्डनं एका किडनीवर पुढची छप्पन्न वर्षं काढली. मी ताईला हे मुद्दाम दोनदा सांगितलं.

पण जुळं भाऊ-बहीण असलेली माणसं किती? बाकीच्यांसाठी डॉक्टरांनी आधी जो मार्ग धरला तो वाचताना अंगावर काटा येतो. सबंध शरीरावर किरणांचा मारा करायचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी मरतील. त्या मरायच्या, आणि मग बहुतेक रुग्णही संसर्गानं मरायचे. नंतर १९५९ मध्ये श्वार्ट्झ आणि डॅमशेक या दोघांना दिसलं की रक्ताच्या कर्करोगावरचं ६-मर्कॅप्टोप्युरिन दिलेल्या सशांचं शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध उभंच राहत नाही. इंग्लंडमध्ये रॉय कॅल्न यांनी ते कुत्र्यांमधल्या प्रत्यारोपणात वापरून पाहिलं. त्याच घराण्यातलं अॅझाथायोप्रिन आलं, १९६३ च्या सुमारास टॉमस स्टार्झल यांनी त्याला स्टिरॉइडची जोड दिली आणि परक्याची किडनीसुद्धा वर्षानुवर्षं टिकू लागली. अर्थात प्रत्येकाची नाही. १९६७ च्या डिसेंबरात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिलं हृदय बसवलं, सगळं जग हललं, आणि ते हृदय मिळालेले लुई वॉशकान्स्की अठराव्या दिवशी न्यूमोनियानं गेले. हृदय चालू होतं. फुप्फुसांत शिरलेल्या जंतूंना अडवायला शरीरात कुणी शिल्लक नव्हतं.

या सगळ्या धंद्यातली अडचण तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे. ज्या पेशी ताईच्या किडनीवर चालून जाणार, त्याच मला जगवणार.

आता मला ज्या भागाबद्दल लिहायची खरी हौस आहे तो. आज आम्ही प्रत्यारोपणवाले ज्या गोळ्या गिळतो त्यातल्या बहुतेक मातीतून आल्या आहेत. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. माती म्हणजे पायाखालची माती.

१९६९ साली सँडोझ या स्विस कंपनीतला एक माणूस सुट्टीवर नॉर्वेला गेला. कंपनीतल्या लोकांना सवय होती, फिरायला गेलात तर तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणायची, न जाणो एखादं नवं अँटिबायोटिक सापडेल. हार्डांगरविड्डाच्या पठारावरच्या त्या मातीत एक बुरशी निघाली. तिच्यातून मिळालेलं द्रव्य इतर बुरशींना मारण्यात बेताचंच निघालं. तिथेच विषय संपायचा. पण त्याच सुमारास प्रयोगशाळेत प्रत्येक नवं द्रव्य प्रतिकारशक्तीवर काय परिणाम करतं तेही पाहायला सुरुवात झाली होती. १९७२ मध्ये दिसलं की हे द्रव्य बाकीच्या पेशी न मारता नेमक्या लिंफोसाइट पेशींना, म्हणजे परक्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना, गप्प करतं. हे सायक्लोस्पोरिन. ते पाण्यात विरघळेना. कॅल्न यांच्याकडे केंब्रिजला आलेल्या कोस्ताकिस या ग्रीक डॉक्टरनं ते ऑलिव्ह तेलात विरघळवलं; तेल त्याच्या आईनं दिलेलं होतं म्हणतात, इंग्लंडमधल्या जेवणावर तिचा विश्वास नव्हता. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला परवानगी मिळाली आणि प्रत्यारोपणाचा इतिहास 'आधी' आणि 'नंतर' असा दुभंगला.

मी घेतो ते टॅक्रोलिमस. आमच्यात 'टॅक्रो'. ते जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतलं. १९८४ मध्ये तिथल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूत सापडलं. सिरोलिमस हे याच कामाचं आणखी एक औषध, ते ईस्टर बेटावरचं. १९६४ मध्ये कॅनडातून गेलेल्या एका वैद्यकीय मोहिमेनं बेटाच्या वेगवेगळ्या भागांतली माती गोळा करून आणली, ती माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत पोचली, आणि तिथल्या सुरेन सेहगल यांच्या हाताखाली तिच्यातून हे औषध निघालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून आधी त्याला रापामायसिन म्हणायचे. पुढे कंपनीनं ती प्रयोगशाळाच बंद केली, तेव्हा सेहगल यांनी त्या जिवाणूचा साठा घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवला. काही वर्षं ते औषध घरच्या बर्फात पडून होतं. १९९९ मध्ये ते किडनीच्या रुग्णांसाठी बाजारात आलं. माझ्या डब्यातली आणखी एक गोळी मायकोफेनोलेट. तिचं मूळ द्रव्य १८९३ सालचं. बार्तोलोमेओ गोसियो हा इटालियन डॉक्टर पेलाग्रा या रोगाचं कारण शोधत बुरसटलेल्या मक्याच्या मागे लागला होता, त्या बुरशीत त्याला ते मिळालं. शंभर वर्षांनी त्याची गोळी झाली.

आणि रुग्णालयातून सुटताना हातात जो सूचनांचा कागद पडतो, त्यात काय असतं? बागकाम हातमोज्यांशिवाय करू नका. खताच्या ढिगाजवळ जाऊ नका. बुरशी आलेलं काही घरात ठेवू नका. ओल आलेल्या भिंतींपासून लांब राहा.

तो कागद वाचताना मला हसू आलं होतं. पण कारण पक्कं आहे. मातीतला नोकार्डिया नावाचा जिवाणू धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाही. आमच्यासारख्यांच्या फुप्फुसात, कधी मेंदूत घर करतो. आणि हा नोकार्डिया, टॅक्रो बनवणाऱ्या त्या स्ट्रेप्टोमायसिसचा दूरचा भाऊबंद आहे. एक मला जगवतो, दुसऱ्याला मी टाळतो, आणि दोघंही कदाचित एकाच ढेकळात नांदत असतील.

मग मला कुतूहल वाटायला लागलं, की डोंगराच्या पायथ्याशी मातीत पडलेल्या जिवाणूला माझ्या लिंफोसाइटशी काय देणंघेणं? काहीच नाही. त्याचं भांडण शेजारच्या बुरशीशी असावं. टॅक्रो आणि सायक्लोस्पोरिन पेशीतल्या कॅल्सिन्युरिन नावाच्या प्रथिनाला अडवतात. माझ्या टी पेशींना, म्हणजे लिंफोसाइटच्याच एका जातीला, परकं काही दिसलं, की कॅल्सिन्युरिनमार्फतच 'जमवाजमव करा' हा निरोप पेशीच्या केंद्रात जातो. तो अडला की पेशी परक्याला बघते, ओळखतेही, पण पुढे काही करू शकत नाही. हेच प्रथिन बुरशीतही आहे. इतकं जुनं आहे ते, की माझे आणि बुरशीचे पूर्वज एक होते तेव्हापासून दोघांनी सांभाळून ठेवलेलं. रापामायसिन पेशीत नेमकं कुठे घाव घालतं याचा पत्ता १९९१ मध्ये लागला, तो यीस्टमध्ये. मातीतल्या कुणाच्या तरी हाणामारीतलं हत्यार उचलून आम्ही कॅप्सूलमध्ये भरलं आणि निशाणा लागला, कारण आत खोलवर आपण सगळे एकाच बनावटीचे निघालो. परकेपणाचं औषध या पुराण्या सारखेपणामुळे लागू पडतं. हे कळलं त्या संध्याकाळी गोळी गिळताना मी जरा थांबलो होतो, एवढं कबूल करतो.

बाकी रोजचं जगणं असं तत्त्वज्ञानी नसतं. ते 'लेव्हल'भोवती फिरतं. टॅक्रोची रक्तातली लेव्हल. नॅनोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पहिले काही महिने जास्त ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. कुणाला पाच पुरते, कुणाला आठ लागते. तपासणी असते ती पुढच्या डोसच्या अगदी आधीची, म्हणजे औषध रक्तात सगळ्यात कमी असतानाची. म्हणून लेव्हलच्या सकाळी गोळी घ्यायची नाही, रक्त देईपर्यंत खिशात ठेवायची. रक्त घेण्याच्या खोलीबाहेर बसलेल्या रांगेत आमची जात लगेच ओळखू येते. मास्क, पाण्याची बाटली, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे नजर. सुई निघाली, कापूस दाबला, की दुसऱ्या हातानं गोळी तोंडात. एकमेकांची नावं माहीत नसतात, लेव्हल माहीत असते. "तुमची किती?" "सहा पॉइंट दोन." "वा."

ती लेव्हल गॅसवरच्या दुधासारखी आहे, पाठ फिरवली की वर. आतड्यात आणि यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, टॅक्रोचा चट्टामट्टा करत असतं. ग्रेपफ्रूट त्या विकराला बांधून टाकतं, म्हणून ते आमच्यासाठी कायमचं बंद. बुरशीवरची फ्लुकोनॅझोलसारखी औषधं, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, रक्तदाबाचं डिल्टियाझेम, ही सगळी लेव्हल वर नेतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन ती धाडकन पाडतं. पोट बिघडलं तर औषध वाहून जाईल आणि लेव्हल उतरेल असं कुणालाही वाटेल. टॅक्रोचं उलटं, जुलाबात ती चढते. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जा, डोळ्यांच्या जा, पहिलं वाक्य ठरलेलं: "माझं ट्रान्सप्लांट झालंय, मी टॅक्रोवर आहे." एका डॉक्टरांनी हे ऐकून लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. मला ते फार आवडले.

दुष्परिणामांची यादी देत बसत नाही, ती गोळीच्या पाकिटात बारीक अक्षरात असते आणि एकट्यानं रात्री वाचू नये. माझ्यापुरतं सांगायचं तर हात थरथरतात. माझं अक्षर चांगलं होतं, आता सहीसुद्धा बँकेला पटत नाही. पहिल्या महिन्यांत स्टिरॉइडचा डोस मोठा होता तेव्हा चेहरा गोल झाला आणि रात्री तीन वाजता कपाट आवरण्याचा उत्साह यायचा. ऊन टाळायचं, कारण कातडीच्या कर्करोगावर नजर ठेवणाऱ्या पेशीही याच, ज्यांना आम्ही दाबून टाकलंय. जिवंत जंतूंच्या लशी नाहीत. बाकी चालतं.

एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. टॅक्रो किडनीला वाईट असतं. किडनी वाचवणारं औषध किडनीलाच इजा करतं. किडनीच्या गाळणीकडे रक्त नेणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या ते आवळतं, आणि वर्षानुवर्षं तसं होत राहिलं तर तिथे व्रण पडतात. हृदय किंवा यकृत बदललेल्या काही जणांच्या स्वतःच्या चांगल्या किडन्या या औषधांनी निकामी होतात आणि मग त्यांना किडनीसाठी रांगेत उभं राहावं लागतं.

यातून जो पेच तयार होतो तो प्रत्येक प्रत्यारोपणवाल्याच्या आयुष्यात एकदा तरी येतो. क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा रक्तात साठतो. दुखत काही नाही, लघवी होते आहे, चेहऱ्यावर सूज नाही, फक्त अहवालातला आकडा मागच्या वेळेपेक्षा वर. हे का झालं? एक शक्यता, औषध कमी पडतंय आणि पेशी किडनीवर चालून गेल्यात. दुसरी, औषध जास्त झालंय आणि तेच किडनी जाळतंय. तिसरी, बीके नावाचा एक विषाणू. बहुतेक सगळ्यांच्या शरीरात तो लहानपणापासून झोपलेला असतो, पहारा सैल झालेला पाहून नव्या किडनीत जागा होतो. पहिल्यात औषध वाढवायचं, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कमी करायचं. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. लेव्हलवरून अंदाज येतो, विषाणूची तपासणी करतात, तरी उलगडलं नाही तर बायोप्सी. माझी झाली तेव्हा पडद्यावर सुई ताईच्या किडनीत शिरताना दिसत होती आणि ताई बाहेर बाकावर पेपर वाचत बसली होती. पहिली शक्यता, म्हणजे रिजेक्शनच निघालं, पण सौम्य. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं आणि आकडा खाली आला. त्या तीन दिवसांत मला माझ्या पेशींचा रागच येईना. त्या त्यांचं काम चोख करत होत्या. वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यावरही जरा फट दिसली की उभ्या राहतात, ही काही नालायक माणसाची लक्षणं नव्हेत.

लोक गोळ्या बंद का करतात, हे आता मला कळतं. बाहेरून बघणाऱ्याला तो मूर्खपणा वाटतो: एवढी शस्त्रक्रिया, कुणाचा तरी अवयव, आणि साधी गोळी घ्यायला काय झालं? पण या औषधाचं यश म्हणजे काहीच न होणं. ताप उतरत नाही, दुखणं थांबत नाही, कारण मुळात काही दुखतच नसतं. घेतली तर काही जाणवत नाही, चुकवली तरी त्या दिवशी काही जाणवत नाही. उलट घेतल्यावर हात थरथरतात, पोट बिघडतं. म्हणजे शरीराकडून जो काही पुरावा मिळतो तो सगळा औषधाच्या विरोधातला. म्हणूनच किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला प्रत्यारोपित किडन्या सगळ्यात जास्त गमावल्या जातात. त्या वयात 'मला काही झालेलं नाही' हे सिद्ध करायचं असतं, आणि दिवसातून दोनदा वाजणारा गजर नेमकं उलट सांगत असतो. ओरडून उपयोग नाही त्यांच्यावर.

आणि हाताचं उदाहरण तर फार बोलकं आहे. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात क्लिंट हॅलम या माणसाला दुसऱ्याचा हात बसवला. तो हलायचा, काम करायचा. पण हॅलमला तो कधी आपला वाटला नाही. त्यानं औषधं सोडली, शरीरानं हात नाकारायला सुरुवात केली, आणि २००१ मध्ये त्याच्याच मागणीवरून तो काढून टाकला. त्या वेळी त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. मला त्याच्याबद्दल कठोर होता येत नाही. किडनी आत असते, दिसत नाही, तिचा आपल्याला विसर पडू शकतो. दुसऱ्याची नखं रोज कापायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कोविडच्या काळात मात्र आमची भलतीच पंचाईत झाली. सगळं जग प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे लागलं होतं. माझ्या फोनवर रोज कुणीतरी 'इम्युनिटी वाढवण्याचे दहा उपाय' पाठवायचं, त्यातलं प्रेम कळायचं, आणि मी घरात बसून ती कमी करायच्या गोळ्या दिवसातून दोनदा घेत होतो. लशीचे दोन्ही डोस घेतले. आमच्यातल्या पुष्कळांच्या रक्तात दोन डोसनंतरही अँटीबॉडी सापडत नव्हत्या, कारण लस ज्यांना शिकवणार त्यांनाच आम्ही वर्गाबाहेर बसवलेलं. एका परिचितांनी कसल्याशा चूर्णाचा डबा आणला, 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून. टॅक्रोसुद्धा नैसर्गिकच आहे, मातीतलं, हे मी त्यांना सांगितलं. ते दुखावले. डबा मी उघडला नाही. प्रतिकारशक्ती वाढवते म्हणणारी वस्तू खरंच वाढवत असेल तर ती माझ्यासाठी विष, आणि वाढवत नसेल तर कशाला घ्यायची?

कधीतरी या गोळ्यांशिवाय जमेल का? हा विचार वेडगळ नाही. १९४५ मध्ये रे ओवेन या शास्त्रज्ञाला आढळलं होतं की गर्भात असताना ज्यांचं रक्त एकमेकांत मिसळतं अशी जुळी वासरं जन्मभर एकमेकांच्या रक्तपेशी सांभाळतात, हाकलत नाहीत. मेडावारनं १९५३ मध्ये उंदरांत तेच घडवून दाखवलं. त्या कामासाठी त्याला १९६० चं नोबेल मिळालं. आई नऊ महिने अर्धं परकं मूल पोटात वागवतेच. म्हणजे शरीराला ही विद्या अवगत आहे. २००८ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी पाच जणांना दात्याच्या किडनीबरोबर त्याच दात्याची, रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही दिल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्यातल्या चौघांची औषधं थांबवता आली. यकृत बदललेल्या काही मोजक्या लोकांचीही थांबतात. मी हे सगळं छापून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं, किंवा वाचल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "तुमच्यावर हा प्रयोग मी करणार नाही."

ताईला मी हेही सांगितलं. तिला या विषयात माझ्याइतका रस नाही. तिला एकही गोळी नाही, वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासायची, बस्स. किडनी तिनं दिली, गोळ्या मला लागल्या, ही वाटणी तिला अतिशय न्याय्य वाटते. "अस्थिमज्जा हवी असेल तर तीही ने," ती म्हणाली, "पण मग मला तुझ्या त्या मातीच्या गोष्टी ऐकवायच्या नाहीत."

मागच्या खेपेला डॉक्टरांनी टॅक्रो अर्ध्या मिलिग्रॅमनं कमी केलं. लेव्हल चांगली आहे, बरेच महिने स्थिर आहे, उगाच किडनीला त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं. हीच गोष्ट मी इतकी वर्षं मागत होतो आणि ती मिळाल्यावर पहिली भावना आली ती भीतीची. बाहेर येऊन ताईला फोन केला. "कमी केलं म्हणजे चांगलंच ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी लेव्हल आहे, तेव्हा सांगतो.